निळी काच

सोलापूरच्या फाउंड्रीत मैनुद्दीन मिस्त्रींचा शेवटचा दिवस होता. रिवाजाप्रमाणे त्यांची निळी काच त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नवनाथला मिळणार होती. तिच्यातून भट्टीत बघूनच मिस्त्री वितळलेल्या लोखंडाचं तापमान सांगत. धगीनं त्यांचा एक डोळा नेला होता. म्हणून तर इंजिनिअर लेक समरा वीस वर्षं इन्फ्रारेड तापमापकांच्या मागं लागलेली. तिनं लांबूनच यंत्र रोखलं: तेराशे साठ अंश. मिस्त्रींनी काच डोळ्याला लावली. "चौदाशे वीस हाय की!" सगळे हसले. "अब्बा, यंत्र चुकत नाही!" "यंत्र न्हाय, तू चुकतीस, बेटी. वरची निवलेली मळी मोजलीस. सायीला हात लावून दूध किती तापलंय कळतंय व्हय?" नवनाथनं मळी ओढून काढली. समरानं पुन्हा नेम धरला: चौदाशे बावीस. मिस्त्रींनी डोळ्यावरची काच काढली. "दोनाची चूक माझी," म्हणाले. मग काचेसाठी पसरलेल्या नवनाथच्या तळव्यावर त्यांनी समराचं यंत्र ठेवलं.