हात लावण्याआधी

फोन वाजला तेव्हा गुरम्मा दुकानामागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मल्लिनाथ गेल्याची बातमी त्याच्या सोबत्यानं आदल्या दिवशीच उदगीरला कळवली होती. तिकडं आखातात तो एका गोदामावर हिशेब बघायचा. कामावरच छातीत कळ आली. लेकासाठी रडून झालं होतं. आता तिला वेगळीच काळजी लागली होती.

शेजारी तिची जाऊ केवळाबाई बसली होती. तिचा नवराही तिकडंच वारला होता, कैक वर्षांमागं. त्या वेळी तिथल्या सरकारी कचेरीतल्या कुणीतरी इंग्रजीत चार ओळी वाचून फोन ठेवून दिला होता. मूठमाती झाल्यावर महिन्यानं टपालानं एक प्लास्टिकची पिशवी आली. तीत घड्याळ, पाकीट, कमरेचा पट्टा आणि चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं, मातीत जाताना डाव्या तळहातावर ठेवायचं असतं ते. माणूस रिकाम्या हातानं गेला. केवळाबाई त्यावर कधी बोलली नाही. फक्त तेव्हापासून तिनं प्लास्टिकच्या पिशवीतली भाजी घरात येऊ दिली नाही.

"वाचून दाखवतील अन् ठेवतील," ती आत्ता म्हणाली. "तुझं ऐकायला थांबत न्हाईत ते."

धाकट्या लेकानं, वीरेशनं, फोन उचलून आवाज मोठा केला. बाईचा आवाज होता, मराठी बोलणारा. तिनं आपलं नाव मालविका सांगितलं, भारत सरकारच्या तिथल्या कचेरीतून बोलतेय म्हणाली, मल्लिनाथचं पूर्ण नाव घेतलं आणि गप्प झाली. बराच वेळ गप्प. वीरेशला वाटलं, लाइन तुटली. तुटली नव्हती. ती थांबली होती.

मग तिनं कागदपत्रांचं सांगितलं, हैदराबादच्या विमानाचं सांगितलं. तुमच्यात बसवून नेतात, पण पेटीत आडवंच आणावं लागेल, त्याला इलाज नाही, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. गुरम्माच्या ओठावर एकच गोष्ट येऊन अडकली होती. परक्या माणसाला ती कशी विचारायची, तेच तिला कळत नव्हतं.

"आई, एक विचारायचं होतं," मालविका म्हणाली. "त्यांच्या गळ्यात लिंग आहे. इथं अंगावरचं सगळं काढून ठेवतात. आम्ही ते काढू दिलेलं नाही. तसंच राहू द्यायचं ना?"

केवळाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"तुमी आमच्यातल्याच का ओ, बाई?" गुरम्मानं विचारलं.

"नाही, आई. मी रत्नागिरीची."

नव्यानं येणाऱ्यांना आता हेच आधी शिकवतात, असं ती सांगू लागली. नाव घ्यायचं आणि थांबायचं. माणूस कुठला, त्याच्या घरात शेवटचं काय करतात, ते विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चुका फार झाल्या होत्या, लोकांच्या तक्रारी येऊन पडल्या होत्या. नव्या साहेबांनी त्याच तक्रारी काढून सगळ्यांना शिकवायला घेतल्या.

गुरम्मानं समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याच्या पलीकडं कुणीतरी तिच्या लेकराच्या गळ्याकडं नीट बघितलं होतं, आणि हात मागं घेतला होता.

"हाव, राहू द्या," ती म्हणाली. "पन दवाखान्यातले काढतील की. तुमी सगळे घरी जाल."

"नाही काढणार, आई. आमचे एक जण शवागाराच्या दाराशी बसलेत. आम्ही पाळ्या लावल्यात. पेटी बंद होईपर्यंत कुणी ना कुणी तिथं राहणार."

वीरेशनं मान फिरवली. गुरम्मानं त्याच्या हातातला फोन दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढला.

"त्या बसलेल्या लेकरानं काही खाल्लंय का, बाई?"