बघून शिकणारं घर

इंजिनिअरसाहेबांनी आपलं राहतं घर इतकं शहाणं करून ठेवलं होतं, की घरातल्या माणसांना डोकं चालवायचं कामच उरलं नव्हतं. कोण कुठल्या खोलीत आहे, कोणाला किती उजेड लागतो, कोण कधी काय करतं, हे सगळं घर गुपचूप टिपायचं आणि पुढचं आपलं आपणच ठरवायचं.

आज खुद्द कंपनीचे मालक ही करामत बघायला आले होते. दोघं लिफ्टमधून बाहेर पडले, तर कुठूनतरी गाणं आणि खिदळण्याचा नुसता कल्ला ऐकू येत होता.

"शेजारी!" साहेबांनी नाक मुरडलं. "आमच्याकडे असला धिंगाणा चालत नाही. मी आलो की घर कसं शांत असतं, बघाच तुम्ही."

"पण घराला एवढं सगळं शिकवलं कोणी?" मालकांनी विचारलं.

"कोणीच नाही! तीच तर गंमत आहे. आई, बायको, मुलं रोज जे करतात, ते बघून बघून घर शिकतं. मग तेच काम त्यांच्याआधी स्वतःच करून मोकळं होतं."

साहेबांच्या खिशातल्या फोनची घराला चाहूल लागली आणि दारावरचा दिवा आपोआप पेटला. त्याच क्षणी 'शेजाऱ्यांचं' गाणं मध्येच बंद पडलं. मालकांनी भुवया उंचावल्या.



दारापलीकडून घराचा मंजुळ आवाज आला, "आले बरं का! हसणं पुरे, पळा आपापल्या खोलीत."