दोनशे अकरा नंबरचं इंजिन

“दोनशे अकरा नंबरचं इंजिन त्रेपन्न साली मोडीत निघालंच नाही,” मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहून म्हणाला. “सत्तावन्नपर्यंत ते वाफ देत होतं.”

सातासमुद्रापारच्या लोअर हट शहरातल्या रेल्वेप्रेमी मंडळाची शनिवार दुपारची सभा होती. साल २००७. पडद्यापाशी उभा असलेला शिरीष जागच्या जागी तडकला. हा पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मालगाड्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण वेड लागायला संबंध कशाला हवा? सहा वर्षं तो ऑफिस सुटल्यावर एकाच जातीच्या इंजिनांच्या मागे लागला होता. १८८५च्या सुमाराची, आठ चाकं एकत्र जोडलेली, घाटात माल ओढणारी इंजिनं. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य फुटलं आणि भावाभावांत भांडी वाटावीत तशी ती पाचसहा देशांत वाटली गेली. ज्याने त्याने आपापले नंबर घातले. शेवटची बारा चेकोस्लोव्हाकियातल्या एका डेपोत संपली.

सोमवारी शिरीषचं पुस्तक छापायला जाणार होतं. त्यात ऐकीव काही नाही, प्रत्येक इंजिनाचा शेवट कागदावरून, हीच त्याची ऐट. शेवटचं प्रकरण तर डेपोच्या, मोडीत काढलेल्या इंजिनांच्या वहीतल्या एका पानावर उभं होतं. त्यातली एक जरी नोंद खोटी निघाली, तरी पानासकट सगळं प्रकरण फुकट गेलं असतं.

“पुरावा?” शिरीषने विचारलं.

“मी पाहिलंय.”

“पाहिलंय हा पुरावा नाही, सर. पुरावा हा.”

त्याने पडद्यावर ते पान लावलं. बारा ओळी, एकाच वळणाचं अक्षर. दोनशे अकरा: मोडीत, नोव्हेंबर १९५३. कुणीतरी हसलं. म्हातारा पानाकडे बघत राहिला आणि मग खाली बसला. शिरीषला जिंकल्याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

चहाच्या वेळी त्याची बायको कांचन बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन आली ती फणकाऱ्यातच.

“जा, सॉरी म्हण त्यांना. एवढं रूड व्हायची काय गरज होती?”

“अगं, मंडेला बुक प्रिंटला जातंय. कुणीही उठून काहीही म्हणेल, मी काय चेंज करत बसू?”

“चेंज नको करूस. ऐकून तर घे. चहासुद्धा नाही घेतलेला त्यांनी.”

म्हातारा खिडकीशी एकटाच बसला होता. त्याचं नाव ओताकर. अडुसष्ट साली चेकोस्लोव्हाकियातल्या त्याच्या गावात रशियन रणगाडे शिरले तेव्हा तो देश सोडून इथे आला आणि सुतारकाम करून निवृत्त झाला. “किया ओरा,” असा इथला नमस्कार करत शिरीषने चहाचा कप पुढे केला. ओताकर शब्द शोधत सावकाश इंग्रजीत बोलू लागला.

“त्या वर्षी आमच्या इस्पितळाचा बॉयलर फुटला. नवा मिळेना. इस्पितळामागे कोळशाच्या मालडब्यांसाठी रूळ होता. आम्ही दोनशे अकरा तिथे नेऊन उभं केलं आणि वाफेचा पाइप आत घेतला. चार हिवाळे वॉर्ड गरम राहिले. वरून हुकूम होता, बाराही मोडा. म्हणून ते कागदावर मोडलं.”

“पण वहीत खोटं लिहिलं कुणी?”

“मी. डेपोत कारकून होतो. कळलं असतं तर तुरुंगात गेलो असतो. चोपन्न वर्षांत कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.”

शिरीषने पडद्याकडे पाहिलं. पान अजून तिथेच होतं.

“आणि बाकीच्या अकरा नोंदी?” त्याने कसंबसं विचारलं.

“त्याही मीच लिहिल्या.”

शिरीष शेजारच्या खुर्चीत बसला. सहा वर्षं पाण्यात गेली, असं त्याला वाटलं.

ओताकरने चहाचा एक घोट घेतला.

“त्या खऱ्या आहेत,” तो म्हणाला. “इस्पितळ एकच होतं.”