पुण्यतिथीचा हार

झाडूचा आवाज कानी आला आणि नीळकंठरावांच्या अंगावर काटा आला. बुवा आलेसुद्धा.

म्हणजे ऐकलं होतं ते खरंच म्हणायचं. हे बुवा गाडगेबाबांच्या वाटेवरचे. बाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. बुवाही कीर्तनाआधी जागा स्वतः झाडतात, म्हणे. आज बाबांची पुण्यतिथी. या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळानं साकेत नगरच्या हॉलमध्ये संध्याकाळी कीर्तन ठेवलं होतं. मंडळाचा अमित बुवांना घ्यायला स्टेशनवर गेला होता. चुकामूक झाली असणार, बुवा आपले रिक्षानं आले असणार.

नीळकंठरावांच्या पिशवीत बुक्क्याची पुडी आणि शेवंतीचा हार होता. हार पत्नीनं, कमलिनीबाईंनी, सकाळी दुखरे गुडघे शेकत शेकत ओवलेला. "माझ्याच्यानं हॉलचा जिना चढवत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पण हा बुवांच्याच गळ्यात पडू दे. माझा नमस्कार त्यात आहे."

व्यासपीठाखाली वाकून एक माणूस झाडत होता. विटका सदरा, डोक्याला मफलर. नीळकंठराव पुढे झाले आणि वाकले.

तो माणूस दचकून मागे सरला. "अरे साहब, ये क्या कर रहे हैं?"

नीळकंठराव विरघळले. बाबाही पायाला हात लावू देत नसत. आणि पाहुणा आल्या गावची बोली बोलतो, हे काय साधं लक्षण झालं? त्यांनी बुवांच्या कपाळी बुक्का लावला, हार घातला. बुवांनी झाडू छातीशी धरला आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात फोन वाजला. शांत हॉलमध्ये अमितचा आवाज खणखणीत आला. "काका, गाडी लेट होती. बुवा आत्ता उतरलेत हबीबगंजला. चहा घेतो आणि निघतोच."

नीळकंठराव वळले. आता तो मफलर ओळखीचा वाटला. ती वाकलेली पाठसुद्धा. मंडळाच्या दर कार्यक्रमाआधी हॉल झाडणारी, खुर्च्या मांडणारी. चेहरा मात्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला होता.

कमलिनीबाईंचा नमस्कार भलत्याच गळ्यात पडला होता. घरी काय सांगायचं? हात आपोआप हाराकडे गेला.

त्या माणसाच्या ध्यानात आलं. तो स्वतःच हार काढू लागला. मग ओशाळून त्यानं व्यासपीठावरच्या बाबांच्या तसबिरीकडे बोट केलं.

"माफ करना साहब. इनके हाथ में भी झाड़ू है ना. मैं समझा, आज इनका दिन है, तो हम लोगों को हार पहनाते होंगे."

हार अर्धा निघाला होता. नीळकंठराव तसबिरीकडे बघत राहिले. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यात पुन्हा घातला. या वेळी आधी नाव विचारून.