पहिल्या रांगेतलं हसणं

या, सरकून बसा जवळ. मागचेही या पुढे, सतरंजी मोठी आहे. आज एका हसण्याची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

शनिवार होता. संध्याकाळचे सव्वासात व्हायला पाच मिनिटं कमी होती आणि पुंजाजी गल्लीतून जवळजवळ पळत निघाले होते. पिठाची गिरणी त्यांनी बंद केली होती, पण अंगावरचं पीठ झटकायला थांबले नव्हते. सव्वासातला रेडिओवर ‘खिदळपूर’ लागणार होतं. त्याआधी त्यांना त्यांच्या दोस्ताच्या, नत्थुजींच्या घरी पोचायचं होतं. नत्थुजींचा दहावा सकाळीच झाला होता. त्या घरातला रेडिओ आज काही केल्या वाजायला नको होता.

कारण त्या कार्यक्रमात पुंजाजी हसणार होते.

‘खिदळपूर’ या नकलांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण अकोल्याला एका सभागृहात व्हायचं, लोकांसमोर. पुंजाजी एकही चुकवत नसत. गिरणीच्या घरघरीवर बोलून बोलून त्यांचा गळा असा तयार झाला होता की ते हसले की छताचे पत्रे वाजल्यासारखे वाटायचे. गावात कीर्तन असलं की बुवासुद्धा विनोदाच्या जागी क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहायचे. रेडिओवाल्यांनी तर त्यांची खुर्चीच ठरवून टाकली होती. पहिली रांग, टांगलेल्या माइकच्या बरोबर खाली. “पुंजाजी आले का? मग करा सुरू,” म्हणायचे. तीन आठवड्यांनी कार्यक्रम लागला की गावात घराघरांतून तेच हसू ऐकू यायचं. “आले पाहा आपले पुंजाजी,” लोक म्हणायचे. नकलाकारांची नावं कोणाला ठाऊक नव्हती.

ती वर्षंच अशी होती की पेपर उघडावा तर पहिल्या पानावर मरणाची बातमी आणि त्यात आपल्याच भागातलं एखादं गाव असायचं. नत्थुजी दुसऱ्यांच्या वावरात फवारणीच्या रोजीनं जायचे. कपाशीवरची अळी हटत नव्हती आणि औषध दरसाल जहाल होत होतं. नत्थुजी बोलायचेच थांबले होते. म्हणून या वेळी पुंजाजी त्यांना हाताला धरून अकोल्याला घेऊन गेले. “चाल लेका, तुले हासवून आणतो,” म्हणाले. शेजारची खुर्ची दिली. परतल्यावर अकराव्या दिवशी फवारताना औषध अंगात भिनलं, आणि नत्थुजी गेले.

पुंजाजी दारात पोचले तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या. आत कोनाड्यातला रेडिओ लागलेलाच होता. त्याच्यासमोर नत्थुजींची बायको कौशल्या गुडघे जवळ घेऊन बसली होती.

“दहाव्याच्या दिवशी रेडिओ!” ओसरीवरची एक म्हातारी म्हणाली. “लोकायले काय वाटन, पोरी?”

तेवढ्यात नकलाकारानं पहिला विनोद केला आणि त्या सुतकाच्या घरात पुंजाजी हसले. गडगडून, मोकळेपणानं, पोट धरून. ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी दारातल्या पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजींना वाटलं, आत्ता इथे आपला जीव गेला तरी चालेल, पण तो आवाज थांबावा. ते पुढे झाले आणि त्यांनी रेडिओच्या बटणाला हात घातला.

“राहू द्या, भाऊ,” कौशल्या म्हणाली.

“माफी करा, वयनी. आज हे हासणं तुमच्या घरात... मी बंद करतो.”

“मीच लावला. त्याइचा आवाज आमच्यापाशी कुठंच नाई, भाऊ. फोटो हाये एक, पण तो का बोलते? तुमच्या बाजूलेच बसले होते ना ते? मंग याच्यात असतीन.”

तिनं रेडिओला कान लावला. दुसरा विनोद झाला. सभागृह हसलं, आणि सगळ्या सभागृहाच्या वर पुंजाजी हसले.

“तुमचंच येते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं बटण पिळून आवाज वाढवला. तसे पुंजाजीच वाढले. तिनं डोळे घट्ट मिटले, पदर कानामागे सारला. तिसऱ्या विनोदालाही तेच.

“थोडे हळू हासले असते तं...” ती म्हणाली. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, “ते हासले तं होते ना, भाऊ?”

पुंजाजी आठवू लागले. डोक्यावरचा माइक आठवला. कानाला हेडफोन लावलेला, त्यांना अंगठा दाखवणारा रेडिओचा माणूस आठवला. शेवटी नकलाकारानं खास त्यांच्याकडे पाहून जोडलेले हात आठवले. शेजारच्या खुर्चीकडे मात्र अख्ख्या अर्ध्या तासात त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

“हासले ना, वयनी,” जमिनीकडे पाहत ते म्हणाले. “लय हासले.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि पुन्हा कान लावून शोधू लागली.

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा नत्थुजींची आठवण असू द्या. त्या दिवशी ते हसले होते की नाही, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो हसत होता.