मेझांजांच्या थडग्यातली जागा

"बसा की हो, ओडालीबाई. कागद पळून जात नाहीत," ग्रंथपाल नूमा म्हणाला.

ओडाली बसली आणि लगेच उठली. न्यू ऑर्लिन्सच्या त्या वाचनालयात कवी थेओफील मेझांज यांच्या नावाची पेटी आज प्रथमच उघडत होती. ओडालीची आजी सेलिमा ही नन्सच्या मठात वाढलेली अनाथ पोर. आपण जन्मलो कधी, हेही तिला ठाऊक नव्हतं. 'माझा बाप कवी होता' एवढं मात्र ती मरेपर्यंत सांगत राहिली. ते सिद्ध झालं तर ओडालीला मेल्यावर मेझांज घराण्याच्या कप्प्याकप्प्यांच्या थडग्यात जागा मिळणार होती. नाहीतर आहेच गावाबाहेरची दलदल, अनोळखी मंडळींच्या शेजारात.

"आमच्याकडे आधीच दाटी आहे," कवीची पणती ओफ्राझी म्हणाली. ती खास पहाऱ्याला आली होती. "आणि येणाऱ्याला निदान यमक तरी जुळवता यावं."

"तुम्हाला येतं वाटतं?"

"आम्हाला गरज नाही. आम्ही औरस."

नूमा खाकरला. त्याच्या हाती तिथल्या क्रेओल बोलीतली एक कविता लागली होती. वर लिहिलं होतं : 'थेओफील मेझांज यांचे शब्द, लेक सेलिमासाठी.' तो वाचू लागला.

'परवा मठातल्या अंजिरावरून पडलीस,
गुडघा फुटला.
मीच उचलून दारापर्यंत आणलं,
आणि बाप असून
"जप गं पोरी" एवढंच म्हटलं.'

ओडाली पहिल्यांदाच स्वस्थ बसली. "आजीच्या गुडघ्यावर वण होता," ती म्हणाली. "लहानपणी अंजिरावरून पडल्याचा."

ओफ्राझी बराच वेळ हातमोजे चाचपत राहिली. कविता तिला कळत नसे, वण कळला.

"खालच्या कप्प्यात होईल जागा," ती अखेर म्हणाली. "पण सर्व संतांच्या सणाला थडग्याला चुना तुम्ही लावायचा."

"दोन हात लावीन!" ओडाली रडता रडता हसली.

"जरा थांबा," नूमाने कागद उलटला. "मागे टीप आहे. 'मृतात्म्यांशी बोलणाऱ्या मंडळाची बैठक. कवींना जाऊन आज अठरा वर्षं झाली. त्यांनी अंगात येऊन वरील ओळी सांगितल्या. ज्याच्या अंगात आले तो : आल्सिद, मठाला कोळसा घालणारा.'"