गोळीचा गुण

आमचे चिरंजीव संख्याशास्त्रज्ञ. गुडघेदुखीच्या एका गोळीवरचे अकरा अभ्यास त्यांनी दोन वर्षं खपून एकत्र केले. सहा अभ्यासांत नुसती सरासरी होती. उरलेल्या पाचांत, नावं झाकून का होईना, प्रत्येक पेशंटची वेगळी नोंद होती, म्हणून साहेबांची सगळी भिस्त त्या पाचांवर.

"आई, पाच वेगळे दवाखाने, पण सगळे पेशंट एकच सांगतात, बरं वाटतंय! गोळी लागू पडते!"

ही गुडघा चोळत म्हणाली, "पाचही ठिकाणी आमचीच मॉर्निंग वॉकची टोळी होती रे. गोळ्या जायच्या कुंडीत."

"मग बरं कशाने वाटलं?"

 

"तिथले डॉक्टर गुडघ्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. तू दोन वर्षांत एकदा तरी विचारलंस?"